पेठांमधल्या विहिरींवर पीएचडी करायची आहे. फेलोशिपवर पाच वर्षं निघतात का?

आडातली | ४ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची तासगावकडची. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. पुण्यात केलं, मग दोन वर्षं एका सल्लागार कंपनीत बांधकाम प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल लिहिले. (निम्मे आधीच्या अहवालावरून उचललेले असायचे. इथे नाव नाही म्हणून कबूल करते.) यंदा नेटमध्ये (प्राध्यापकी आणि संशोधनाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली. घरी पेढे वाटले आणि आठव्या दिवशी बाबांनी विचारलं, "बरं, मग आता नोकरी कधी?"

विषय डोक्यात पक्का आहे: पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या विहिरी. वाडे पडून इमारती झाल्या तशा कित्येक विहिरी बुजल्या, काहींवर जाळी आहे, काहींत अजून मोटार सुरू आहे. शहराच्या पोटात पाणी किती आहे, पावसाळ्यात किती मुरतं, उपसा कोण करतं, विहीर बुजली की शेजारच्या विहिरीचं काय होतं, असं सगळं त्यात येतं. एक मॅडम गाईड व्हायला तयार आहेत. प्रवेश ऑगस्टमध्ये.

दुसरीकडे एका ओळखीतून जर्मनीतल्या एका प्रकल्पाची जागा कळली आहे. विषय शहरातलं पाणीच, पण शहर त्यांचं.

माझे प्रश्न: फेलोशिप वेळेवर येते का? पुण्यात राहून, फील्डचा खर्च करून भागतं का? आणि "शहरी परिसंस्था" असा विषय घेतलेल्यांना पुढे कुणी दारात उभं करतं का? वय २६. लग्नाचा विषय घरी निघालेलाच आहे, तो इथे नको.

कमी_तिखट | ४ मे, रात्री १०:२०

पेठेतली विहीर म्हणजे वर पाटी असणारच: "आत डोकावण्याआधी विचारावे. विचारण्याआधी विचार करावा."

बाकी, लग्नाचा विषय नको म्हणालात तिथेच पन्नास प्रतिसाद पक्के झाले.

गाईडकाका | ४ मे, रात्री ११:०५

अभिनंदन. मी निवृत्त प्राध्यापक, बारा पीएचडी हातून गेल्या, त्यातल्या सात फेलोशिपवाल्या. आधी आकडे देतो, मग मत.

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आहे. आधी ३१,००० होती. दोन वर्षांनी समिती काम बघते आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) करते, तेव्हा ४२,०००. एकूण पाच वर्षं. वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. सादिलवार खर्चाला विज्ञान शाखेत पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि नंतर २५,०००. तुमचा फील्डचा खर्च, फिती, बाटल्या, रिक्षा, सगळं या बारा हजारांत बसवायचं आहे हे लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायला गेलात तर हे पैसे दिवाळीच्या आतच संपतील.

पैसे कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून थेट खात्यात येतात. पण दर महिन्याला विद्यापीठातल्या एका माणसाने तुमची नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे ढकलायची, तेव्हा ते हलतं. या दोघांपैकी एक रजेवर गेला की तुम्ही पण रजेवर. म्हणून प्रवेश घेतल्या दिवशी त्या दोघांची नावं आणि ते कुठे बसतात हे माहीत करून घ्या. चहा पाजा. मी चेष्टा करत नाहीये.

बेडूकराव | ४ मे, रात्री ११:४८

काकांच्या शेवटच्या ओळीखाली माझी सही घ्या.

माझी जेआरएफ नव्हती, राज्यातल्या एका संस्थेची फेलोशिप होती. संस्थेचं नाव घेत नाही, अजून एक हप्ता अडकलाय. विषय शहरातल्या नाल्याकाठचे बेडूक. निवड झाली, यादी लागली, सत्कारही झाला. पहिला पैसा चौदाव्या महिन्यात आला. एकदम आला, सगळा थकलेला. मित्र म्हणाले, बघ, मिळाले ना शेवटी! तोवर मेसवाल्या मावशींची उधारी इतकी चढली होती की त्या वहीत माझ्या नावाला स्वतंत्र पान होतं.

पण उधारी फिटते हो. बेडूक नाही थांबत. पहिला दणक्याचा पाऊस झाला की त्या रात्री आणि पुढच्या आठ-दहा रात्रींत ते ओरडतात, जोड्या जमतात, अंडी घालतात. कोण कुठल्या नाल्यात आहे हे तेव्हाच कळतं. त्या जूनमध्ये माझ्याकडे गाडीत पेट्रोल टाकायला पैसे नव्हते. अकरा ठिकाणांपैकी चार केली, तीही चालत. प्रबंधात त्या वर्षापुढे "अपुरी नोंद" असं लिहावं लागलं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच बोट ठेवलं. त्यांना काय सांगू, फाईल टेबलावर होती म्हणून बेडकांना थांबा म्हणालो होतो?

आडातली ताई, तुमच्या विहिरींचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा मे महिन्यातला. पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हाचा. तो चुकला की वर्ष गेलं. पाच वर्षांच्या फेलोशिपमध्ये असे पाचच मे येतात.

मनीमाऊ_७ | ५ मे, सकाळी ७:३०

बेडूकराव, काय लिहिलंय! चहा गार झाला.

रोखठोक | ५ मे, सकाळी ९:१०

माफ करा, पण कुणीतरी बोललं पाहिजे. विहिरी मोजायला पाच वर्षं आणि त्याला चोवीस-पंचवीस लाख? आमच्या करातून? महापालिकेचा एक मुकादम महिन्याभरात मोजून देईल. इकॉलॉजी जंगलात असते. शहरात असतात डास, कबुतरं आणि भटकी कुत्री. त्यावर कसली डॉक्टरेट?

बोरिवलीचा_बिबट्या | ५ मे, सकाळी ९:४१

रोखठोक, कुत्र्यांवरूनच सांगतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटर, तिन्ही बाजूंनी मुंबई-ठाणे. २०१५ मध्ये तिथे कॅमेरे लावून मोजणी झाली, ३५ बिबटे निघाले. त्या मोजणीचा कणा होता डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध. विद्यार्थ्याचा! बिबटे खातात काय, तर त्यात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा निघाला. मग २०१८ मध्ये एक शोधनिबंध आला की बिबटे कुत्री खातात म्हणून आसपासच्या वस्तीत कुत्रं चावण्याचं आणि रेबीजचं प्रमाण कमी राहत असणार. आता सांगा, हे मुकादमाने महिन्याभरात काढलं असतं?

आणि त्या उद्यानातल्या तुळशी आणि विहार तलावांचं पाणी मुंबई अजून पिते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नावाची नदी आहे हे निम्म्या मुंबईला पहिल्यांदा कळलं. शहरात इकॉलॉजी नाही म्हणे!

रोखठोक | ५ मे, सकाळी १०:०२

बिबट्याची गोष्ट वेगळी. मी सरसकट नाही म्हणत. पण दर दहा पीएचडींमधल्या नऊ रद्दीत जातात हे खोटं का?

उपराजधानी | ५ मे, सकाळी १०:३०

बाप्पा! हे वाक्य ऐकून २०२३ चं आमच्या नागपूरचं हिवाळी अधिवेशन आठवलं. "पीएचडी करून काय दिवे लावणार" यावरून काय रान पेटलं होतं. फेलोशिपवाली पोरं थंडीत उपोषणाले बसली होती. दिवे लावाले तेल लागते ना भाऊ, ते द्या आधी.

कमी_तिखट | ५ मे, सकाळी १०:३४

धागा आता काशीला निघाला. पॉपकॉर्न घ्या.

श्प्रेकाठची | ५ मे, दुपारी ३:१५

बर्लिनहून लिहितेय. आडातली, तुमच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल.

रोखठोक यांच्यासाठी आधी एक किस्सा. शहरी परिसंस्था हा विषय जगात रुजला त्यात या शहराचा वाटा फार मोठा आहे, आणि तो भिंतीमुळे. पश्चिम बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना भिंत ओलांडून रानात जाणं जवळपास बंद झालं. मग हर्बर्ट सुकॉप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घराशेजारी जे होतं तेच बघायला घेतलं: बॉम्बने पडलेल्या इमारतींचे ढिगारे, ओसाड रूळ. तिथे भूमध्य समुद्राकडच्या, उष्णता मानवणाऱ्या वनस्पती उगवलेल्या सापडल्या, कारण शहर आजूबाजूच्या मुलखापेक्षा गरम. या नोंदी पुढे शहराच्या नियोजनात गेल्या. शोनेबर्गजवळचं एक रेल्वे यार्ड १९५२ पासून बंद पडलं होतं, तिथे आपोआप जंगल वाढलं. ते तोडून नवीन यार्ड बांधायचं ठरलं होतं. लोकांनी आणि या अभ्यासकांनी मिळून ते वाचवलं. २००० मध्ये ते १८ हेक्टरांचं निसर्गोद्यान म्हणून खुलं झालं. अजून रुळांमधून बर्चची झाडं उभी आहेत. मी रविवारी तिथे डबा घेऊन जाते.

आता पैसे. इथे प्रकल्पातली पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरी असते. करारपत्र, आरोग्यविमा, पेन्शनची कपात, वर्षाची सुट्टी. पूर्ण पदाचा पगार नसतो, अर्ध्या किंवा दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, पण महिनाअखेरीला येतो म्हणजे येतो. वाईट बाजू: करार तीन वर्षांचा. विषय प्रकल्पाचा. तुमची विहीर तिथे नसणार. लोकांशी बोलायचं असेल तर जर्मन लागणार, आणि ते "डुओलिंगोवर शिकले" इतपत पुरत नाही.

माझं ऐकाल तर नाव पुण्यात नोंदवा आणि मधलं एक वर्ष इकडे या. डाडची (परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) दोन देशांत मिळून पीएचडी करायची शिष्यवृत्ती आहे, पदवी आपल्याच विद्यापीठाची राहते. अमेरिकेला जायचं असेल तर फुलब्राइट-नेहरूची सहा ते नऊ महिन्यांची आहे, तीही इथल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठीच. विहीर तुमची आणि यंत्रं त्यांची, असा सौदा.

टेंपीकर | ५ मे, रात्री ८:५०

मी ॲरिझोनात टेंपीला. (टेंपो नव्हे. हा विनोद एकोणीस वर्षं ऐकतोय.)

अमेरिकेचं चित्र सांगतो. १९९७ मध्ये इथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने दोन शहरं दीर्घकालीन परिसंस्था अभ्यासासाठी निवडली, बाल्टिमोर आणि फिनिक्स. तोवर असे अभ्यास जंगलं, तळी, गवताळ प्रदेशांतच चालायचे. फिनिक्समध्ये त्यांनी शहर आणि भोवतालचं वाळवंट यांवर चौकटी आखून दोनशेच्या वर ठिकाणं सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली. कुणाचं अंगण आलं, कुणाचं पार्किंग, कुठे निवडुंग. २००० मध्ये ती सगळी पाहिली आणि मग दर पाच वर्षांनी तिथेच परत जायचं. त्यातून निघालं काय, तर ज्या भागात उत्पन्न जास्त तिथे झाडांच्या जाती जास्त. ऐकून वाटतं, यात काय नवल? पण मोजल्यावर त्यावर भांडता येतं. बाल्टिमोरसह ३७ अमेरिकी शहरांचा २०२१ चा अभ्यास बघा. १९३० च्या दशकात गृहकर्जाच्या नकाशांवर ज्या वस्त्या "धोकादायक" म्हणून लाल रंगवल्या, तिथे आज झाडांचं छत सरासरी २३ टक्के. ज्यांना उत्तम म्हटलं तिथे ४३ टक्के. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या रंगाची सावली अजून पडते, किंवा पडत नाही म्हणा.

पुण्यात प्रभात रोड आणि जनता वसाहत, कुणीतरी मोजा रे.

फेलोशिपचं: इथे पूर्वी आयजर्ट नावाची योजना होती. आमच्या विद्यापीठात आणि सिॲटलला तर खास शहरी परिसंस्थेची होती. इकॉलॉजीवाला, भूगोलवाला, नगररचनावाला अशा पोरांना एका खोलीत बसवायचे आणि एकच प्रश्न द्यायचे. पहिलं वर्ष ते एकमेकांची भाषा शिकण्यातच घालवायचे. इकॉलॉजीवाला "समुदाय" म्हणाला की त्याला झाडं-किडे दिसतात, नगररचनावाल्याला माणसं! ती योजना पुढे बंद होऊन दुसऱ्या नावाने सुरू झाली. पण असल्या सरकारी फेलोशिपा नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच. प्रसिद्ध ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप वर्षाला ३७,००० डॉलर देते, तिलाही आपण चालत नाही. आपण प्रोफेसरच्या ग्रँटवर किंवा वर्गात शिकवून जगतो. आणि २०२५ मध्ये चालू ग्रँटसुद्धा मध्येच रद्द झाल्या. तेव्हा परदेशात पैसा पक्का, हे सध्या तरी डोळे मिटून म्हणू नका.

गंमत बघा, इकडे ३७,००० वर्षाचे आणि तिकडे ३७,००० महिन्याचे. चलन तेवढं वेगळं.

गाईडकाका | ५ मे, रात्री ९:२०

टेंपीकर, तुमचा "समुदाय"वाला मुद्दा आमच्याकडे फार जाचक होतो. आपल्याकडे खोली नाही, खिडकी आहे. विषय कुठल्या खिडकीत घालायचा? पर्यावरणशास्त्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) नेटमध्ये. इकॉलॉजी सीएसआयआरच्या (विज्ञान संशोधन परिषद) जीवशास्त्राच्या पेपरात एक प्रकरण. पाणी आलं की भूशास्त्र. माणसांना प्रश्न विचारले की समाजशास्त्र, मग आयसीएसएसआरची (सामाजिक शास्त्रांची संशोधन परिषद) वेगळी फेलोशिप. आडातली यांचा विषय चारही खिडक्यांत थोडा थोडा आहे, म्हणजे चारही बाबू म्हणू शकतात, "हे आमच्याकडे येत नाही."

उपाय: शीर्षकात एकच विषय ठेवा, भूजल. लोकांच्या मुलाखती तिसऱ्या प्रकरणात गुपचूप घाला.

पंचगंगेचा_पाहुणा | ५ मे, रात्री ९:३२

काका लय अनुभवी दिसताय. गुपचूप प्रकरण घालायचा सल्ला देणारा गाईड पैल्यांदाच बघितला.

कासवआजी | ६ मे, सकाळी ६:१५

मला फेलोशिपचं काही कळत नाही. मुलगी म्हणाली, आई, तुझ्या विहिरीसारखा धागा आहे, म्हणून वाचला.

सदाशिव पेठेत आमच्या सासरच्या वाड्यात विहीर होती. त्यात कासव सोडलेलं होतं. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं, किडे खातं, असं सासूबाई सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं आणि धाकटी दहावीला गेली तेव्हाही होतं. दुपारी ऊन नेमकं तळाशी पडायचं तेव्हा ते वर यायचं. मुलं पोळीचे तुकडे टाकायची. पानशेतच्या पुरानंतर (मी नव्हते तेव्हा) शहराचं पाणी बंद पडलं, तर आख्खी गल्ली आमच्या विहिरीवर पाणी भरत होती म्हणे.

मनीमाऊ_७ | ६ मे, सकाळी ८:००

आजी, आमच्याकडे रत्नागिरीला पण विहिरीत कासव होतं! नाव गणपत.

बोरिवलीचा_बिबट्या | ६ मे, सकाळी ८:२२

बिचाऱ्याला बाहेर पडता येत नाही, जोडीदार नाही, विहीर म्हणजे जन्मठेप. आणि आपल्याकडची बरीच देशी कासवं वन्यजीव कायद्याखाली येतात, पाळणं गुन्हा आहे. सांगून ठेवतो.

कासवआजी | ६ मे, सकाळी ८:४०

बाळा, ते १९७० च्या आधीचं होतं. त्याला कायदा माहीत नव्हता.

(यानंतर कासवं किती वर्षं जगतात, गणपत नावाचं कासव मादी होतं का, आणि कोकणात विहिरीत मासे सोडतात की कासवं, यावरचे २७ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

रोखठोक | ६ मे, सकाळी ११:१५

संपादकांनी माझा प्रतिसाद पण कासवांबरोबर हलवला. तो पैशांबद्दल होता! परत लिहितो. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप ७० हजारांपासून सुरू होते, पाचव्या वर्षी ८० हजार, वर वर्षाला दोन लाख संशोधनाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात अशा दहा हजार जाहीर झाल्या. मग गरिबी कसली सांगता?

गाईडकाका | ६ मे, सकाळी ११:५०

त्या आयआयटी, आयआयएससी आणि निवडक संस्थांत, तंत्रज्ञान आणि विज्ञानाच्या पोरांना. राज्य विद्यापीठात दहा बाय दहाच्या केबिनमध्ये चार स्कॉलर बसतात, तिथे त्या पोचत नाहीत. दुसऱ्या टोकाला केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांची फेलोशिप बघा: २०१२ पासून महिना आठ हजार. अजूनही आठच. २०१५ मध्ये ती बंद करायला निघाले तेव्हा पोरं यूजीसीच्या दारात ठाण मांडून बसली होती, म्हणून निदान राहिली तरी.

आडातली | १८ मे, रात्री ९:३०

उशिराबद्दल माफी. बेडूकरावांचं "पाचच मे" वाचून झोप लागेना. प्रवेश ऑगस्टमध्ये, पण हा मे तर चालू आहे! म्हणून मोजायला सुरुवात केली. फेलोशिप नाही, ओळखपत्र नाही, काही नाही.

विभागातलं पाणीपातळी मोजायचं यंत्र मागितलं. ते पाण्याला टेकलं की बीप वाजतो. उत्तर मिळालं, "प्रवेश झाल्यावर." मग मॅडमनी जुनी पद्धत शिकवली. साधी पोलादी फीत घ्यायची, टोकाला वजन बांधायचं आणि शेवटच्या दोन मीटरला फळ्याचा खडू चोळायचा. खाली सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. काठापासूनच्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की पातळी. खडूची पेटी वीस रुपये.

पहिल्याच दिवशी एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटवर पकडलं. "महापालिकेकडून आलात का? विहिरीवर कर लावणार आहात ना?" मी म्हटलं विद्यार्थिनी आहे. "कुठलं ओळखपत्र?" नाहीच. शेवटी त्यांनी माझी फीत हातात घेतली, स्वतः सोडली, आणि खडू भिजलेला बघून इतके खूश झाले की तीनदा मोजलं. तिन्ही आकड्यांत १.३ मीटरपर्यंत फरक! मग लक्षात आलं की फीत खालच्या पाइपला अडकत होती. चौथ्यांदा मी दुसऱ्या बाजूने सोडली.

दुसऱ्या ठिकाणी जाळीवर निर्माल्याच्या पिशव्यांचा थर. वजन खालीच जाईना. तिसरीकडे आजोबांनी किल्ली दिली, पण "चप्पल काढा, इथे पूजा होते" म्हणाले. मे महिन्यातला दुपारचा दीड, फरशी तापलेली. नोंदवहीत आकड्यापुढे "पाय" असं लिहिलंय, पुढच्या वर्षी मोजे न्यायचे हे लक्षात राहावं म्हणून.

आत्तापर्यंत एकोणीस विहिरी. सात बुजलेल्या, त्या पण नकाशावर टाकल्या. पाच कोरड्या. सात ठिकाणी पाणी आहे, आणि एका अरुंद बोळात दोन विहिरी चाळीस पावलांवर असून पातळीत दोन मीटरचा फरक. का, ते माहीत नाही. पहिल्यांदा असं झालं की "माहीत नाही" लिहिताना बरं वाटलं.

बेडूकराव | १८ मे, रात्री ९:५२

दोन मीटर! मजा आहे. खालचा कातळ बघा. बेसॉल्टात पाणी भेगांमधून आणि मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या, मऊ पडलेल्या खडकाच्या) थरातून फिरतं, आणि भेग कुठे वळते ते ती विहीर सोडून कुणाला माहीत नसतं. किंवा दोहोंतल्या एकीवर शेजारच्या हॉटेलची मोटार असेल. मला मोटारीचा संशय जास्त.

आणि खर्च लिहून ठेवताय ना? रिक्षा, खडू, सगळं. फेलोशिप सुरू व्हायच्या आधीचा खर्च कुणी देणार नाही, पण रुफर्डसारख्या (संवर्धनाला पैसे देणारी ब्रिटिश संस्था) छोट्या अनुदानाचा अर्ज करताना "मी एवढं स्वतः केलंय" हे दाखवायला तीच वही कामाला येते. इनलॅक्स-रवी शंकरन यांचंही संवर्धनासाठी छोटं अनुदान आहे, ते बघा. माझं तिसरं वर्ष अशाच एका छोट्या अनुदानावर निघालं.

पंचगंगेचा_पाहुणा | १८ मे, रात्री १०:०५

ताई, ओळखपत्र नसताना एकोणीस विहिरी! मिळाल्यावर रंकाळ्याला पण या, आम्ही गेटवर पकडणार नाही.

श्प्रेकाठची | १८ मे, रात्री १०:४०

जर्मनीचं काय ठरलं?

आडातली | १८ मे, रात्री ११:०२

"नाही" म्हणून कळवलं. हात थरथरत होते. पगाराचा आकडा रुपयांत करून बघितला होता, तो डोळ्यांपुढून जात नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आठ महिन्यांचं भाडं निघेल एवढे पैसे शिल्लक आहेत. काकांनी सांगितल्याप्रमाणे त्या दोन माणसांची नावं काढली. एक जूनमध्ये निवृत्त होतायत.

गाईडकाका | १८ मे, रात्री ११:१०

निरोपसमारंभाला जा. त्यांच्या जागी कोण येणार हे तिथेच कळेल.

रोखठोक | १९ मे, सकाळी ९:००

माझं मत बदललेलं नाही. पण ते दोन मीटर कशामुळे ते कळलं की लिहा.

कासवआजी | १९ मे, सकाळी ९:३५

आडातली बाळ, आमची विहीर तुझ्या सात बुजलेल्यांत धरू नको. आम्हाला वाटायचं बिल्डरने भराव टाकला. काल सोसायटीच्या जुन्या प्लंबरला विचारलं, तो म्हणाला बुजवली नाही, वर स्लॅब टाकून पार्किंग केलंय. लोखंडी झाकण आहे, ते आमच्याच गाडीखाली. मुलीला शनिवारी गाडी बाहेर काढून ठेवायला सांगितली आहे. सकाळी आठनंतर ये, सातला टाकीची मोटार चालू असते. उन्हातान्हात फिरतेस, पोहे करून ठेवते.

आडातली | १९ मे, सकाळी ९:४१

आजी, नक्की येते! विहीर किती खोल होती आठवतं का? माझी फीत तीस मीटरची आहे.

कासवआजी | १९ मे, सकाळी ९:५०

सासरे सात परस म्हणायचे. म्हणजे किती, ते तूच मोज. आणि खडू जास्तीचा आण, नातवालाही सोडून बघायचं आहे.